वेसाव्यात माणसं किती? आधी रेषा कुठली ते ठरवू

मुंबईतल्या वर्सोव्याच्या, म्हणजेच वेसाव्याच्या, जेट्टीवरून सुटलेली फेरीबोट पाचेक मिनिटांत पलीकडे मढला लागते. मधे खाडीचं तोंड, नांगरलेल्या होड्या, वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास. हेच अंतर गाडीने कापायचं तर अंधेरी, गोरेगाव, मालाड, मार्वे असा वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. दोन्ही काठांचा पिनकोड मात्र एकच आहे, ४०००६१. म्हणजे पोस्टाच्या लेखी ही एकच वस्ती. महापालिकेच्या लेखी दोन वेगळे विभाग. महसूल खात्याच्या लेखी तर दोन तालुके, अलीकडे अंधेरी आणि पलीकडे बोरिवली.

२०२७ च्या जनगणनेच्या बातम्या सुरू झाल्यापासून ‘आमच्या भागाची लोकसंख्या नक्की किती?’ हा प्रश्न पुष्कळांच्या तोंडी आहे. वर्सोव्याबद्दल शोधायला गेलं की एका ठिकाणी काही हजार दिसतात, दुसऱ्या ठिकाणी काही लाख. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं कुणीतरी खोटं सांगतंय. बहुतेक वेळा तसं नसतं. प्रत्येकाने मोजलेला वर्सोवा वेगळा असतो.

हा गोंधळ एका वर्सोव्याचा नाही, पण वर्सोव्यात तो फार स्वच्छ दिसतो. तिथे जमीन कुठे संपते, गाव कुठे संपतं आणि घरात माणसं किती, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं समुद्राशी बांधलेली आहेत.

वर्सोवा म्हणजे कुठून कुठवर?

मूळ नाव वेसावे. कोळी बोलताना वेसावा म्हणतात, बाकीची मुंबई वर्सोवा म्हणते. आपण शाळेत शिकतो त्या मुंबईच्या सात बेटांमध्ये हे गाव येत नाही. ते उत्तरेकडच्या साष्टी बेटावरचं, त्या बेटाच्या पश्चिम टोकाचं. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला आणि पूर्वेला मालाडची खाडी. ओशिवरा आणि पोईसर या दोन्ही नद्या याच खाडीत उतरतात. जमीन बोटासारखी निमुळती होत जाते आणि बोटाच्या टोकाशी कोळीवाडा: मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली, तेरे गल्ली. खाडीच्या तोंडाशी आडोसा मिळतो, होड्या लाटांच्या माऱ्याबाहेर राहतात, म्हणून गाव नेमकं तिथे वसलं.

नाव मात्र खाडी ओलांडून पलीकडेही गेलंय. १७३९ मध्ये, वसईच्या मोहिमेच्या काळात, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला वेसाव्याचा किल्ला आज मढच्या टोकाला उभा आहे. एकेकाळी दोन्ही काठ मिळून एकच बंदर मानलं जात होतं, एवढं त्यावरून कळतं. पुढे १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द पश्चिम उपनगरांत जोगेश्वरीपर्यंत वाढली आणि वेसावे मुंबईत आलं. मालाड आणि त्याच्या पुढचा दहिसरपर्यंतचा पट्टा १९५७ मध्ये आला. होडीने पाच मिनिटांवरची दोन गावं सात वर्षांच्या अंतराने शहरात दाखल झाली.

१९५० पर्यंत वेसावे हे उपनगर जिल्ह्यातलं एक गाव होतं. त्याला शीव, म्हणजे स्वतःची हद्द, होती. शहरात मिसळल्यावर ती शीव मोजणीच्या कामाची उरली नाही आणि तिच्या जागी बऱ्याच रेषा आल्या. महापालिकेच्या कारभारात वर्सोवा के-पश्चिम विभागात येतो. पार्ले, अंधेरी आणि जोगेश्वरीचा पश्चिम भाग, जुहू, ओशिवरा हे सगळं त्याच विभागात. २०११ च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या साडेसात लाखांच्या जवळ होती. ‘वर्सोवा’ नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला, तो कोळीवाड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचं ‘वर्सोवा’ स्थानक कोळीवाड्याच्या बरंच अलीकडे, सात बंगल्याच्या बाजूला आहे. घरं विकणारे आणखी वेगळी रेषा ओढतात, कारण पत्त्यात ‘वर्सोवा’ असलं की भाव चढतो.

घरातलं उदाहरण घेऊ. ‘तुमच्या घरात माणसं किती?’ असं विचारलं तर रेशनकार्ड बघून एक आकडा येईल, एका गॅसवर जेवणाऱ्यांचा दुसरा, गणपतीला गावी जमणाऱ्यांचा तिसरा. तिन्ही खरे. फक्त ‘घर’ म्हणजे काय ते विचारणाऱ्याने आधी सांगायला हवं.

निदान किनारा तरी पक्का असेल?

माणसं येतात-जातात, पण जमीन जागच्या जागी असते, असं आपल्याला वाटतं. किनाऱ्यावर तेही खरं नाही.

भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर, हे आपण पाठ केलेलं. आता सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटर झाला आहे. महाराष्ट्राचा किनारा ६५२ वरून ८७७ वर गेला. देशाला नवी जमीन मिळालेली नाही. मोजपट्टी बारीक झाली. नेसलेल्या साडीच्या निऱ्या वरवर मोजल्या तर वीतभर भरतात. प्रत्येक घडीतून टेप फिरवला की तेच कापड कितीतरी वार निघतं. किनाऱ्याचंही तेच. जुन्या ढोबळ नकाशात खाड्यांची वळणं सपाट झाली होती, नव्या नकाशात ती उलगडली. मालाडची खाडी ही अशीच एक निरी.

दुसरी गोष्ट भरतीची. मुंबईत दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी, तो भांग. मोठ्या उधाणात पाण्याची पातळी पाच मीटरच्या जवळ जाते. तिथी सांगितली की वेसाव्याचा जुना तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतो, कारण पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज पाऊण-एक तासाने सरकत जाते.

मग जमिनीची कड कुठली धरायची? सरकारने उत्तर दिलं आहे ते असं: उधाणाच्या भरतीला पाणी जिथवर चढतं ती भरतीरेषा. समुद्राकाठी तिथून आत ५०० मीटरपर्यंतचा पट्टा म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. सगळे त्याला सीआरझेड म्हणतात. हा नियम पहिल्यांदा १९९१ मध्ये आला, २०११ आणि २०१९ मध्ये बदलला. या पट्ट्यात कुठे बांधता येईल, कुठे नाही, हे ठरलेलं असतं. तिवरांच्या जंगलाला, म्हणजे कांदळवनाला, त्यात सर्वात कडक संरक्षण आहे. भरतीरेषा नकाशावर चार बोटं इकडे-तिकडे झाली की कुणाची इमारत नियमात बसते, तर कुणाचं पिढीजात घर अडकतं. एवढी ताकद त्या एका रेषेत आहे.

जमीन आणि माणसं, एकाच नियमात

लोकसंख्या आणि भूगोल या दोन वेगळ्या वह्या आहेत असं आपण मानतो. सीआरझेडचा २०१९ चा नियम मला त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून किती अंतर मोकळं ठेवायचं, हे त्यात लोकसंख्येच्या घनतेवरून ठरवलं आहे. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तर ५० मीटर. त्याहून कमी असतील तर २०० मीटर. म्हणजे घरोघरी फिरून प्रगणकाने लिहिलेला आकडा पुढे समुद्रापासून किती अंतरावर वीट ठेवता येईल ते ठरवतो.

मुंबई उपनगर जिल्ह्याची घनता २०११ मध्ये चौरस किलोमीटरला जवळपास २१ हजार होती, तरी हा हिशेब वर्सोव्याच्या टॉवरना लागू नाही. तो भाग शहरी, आधीच बांधलेल्या पट्ट्यात मोडतो. पण २०११ च्या अधिसूचनेने मुंबईसाठी खास तरतूद केली: १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या नोंदींत जे कोळीवाडे आहेत, त्यांचे नकाशे करून त्यांना ग्रामीण किनाऱ्याच्या वर्गात, म्हणजे सीआरझेड-३ मध्ये, धरायचं, म्हणजे तिथल्या लोकांना स्थानिक नियमांनुसार घरं बांधता-दुरुस्त करता येतील.

म्हणून कोळीवाड्याच्या सीमांकनाचा, म्हणजे कोळीवाडा कुठून कुठवर हे मोजून नकाशावर उतरवण्याचा, प्रश्न इतका जिव्हाळ्याचा आहे. जमिनीच्या नोंदीतलं ‘गावठाण’ म्हणजे राहत्या घरांचा भाग. कोळ्याचं गाव घरांपाशी संपत नाही. जाळी सुकवायची जागा, बोंबील वाळत घालायच्या वलांड्या, होडी ओढून डागडुजी करायचा किनारा, बर्फ आणि डिझेल चढवायचा धक्का, खाडीतली होड्या नांगरायची जागा, हे सगळं गाव आहे. तिथे रात्री कुणी झोपत नाही, त्यामुळे लोकसंख्येच्या तक्त्यात त्या जागेची माणसं शून्य. नकाशा बघणाऱ्याला ती ‘मोकळी जमीन’ दिसते. शेतकऱ्याचं शेत बघून तिथे कुणी राहत नाही म्हणून ते रिकामं आहे, असं आपण म्हणत नाही. सातबाऱ्यावर पीक लिहिलेलं असतं. जाळी सुकवायच्या जागेवर काय पिकतं, ते लिहायला तसा रकाना नाही. शहरात मिसळलेल्या किनाऱ्यावरच्या गावांवर झालेला हा सर्वात मोठा अन्याय आहे, असं मला वाटतं.

आता माणसं मोजू

जनगणना म्हणजे पंगतीतली पानं मोजण्यासारखं काम आहे. लोक बसतायत, उठतायत, कुणी वाढायला गेलंय. एका क्षणाला मोजलं तर चुकेल. म्हणून आपल्याकडे वीसेक दिवसांचा काळ धरतात आणि संदर्भ म्हणून एक क्षण ठरवतात. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी झाली, संदर्भाचा क्षण १ मार्चचे शून्य तास. येत्या वेळीही बहुतेक देशासाठी तो १ मार्च २०२७ आहे. त्याआधी घरांची यादी करण्याचा टप्पा २०२६ मध्ये, एप्रिल ते सप्टेंबर.

नियम असा: त्या वीस दिवसांत जो आपल्या राहत्या घरी थोडे दिवस तरी असतो, त्याला तिथे मोजायचं. पाणी आणायला उठला आहे पण परत येणार आहे, त्याचं पान धरायचं. जो पूर्ण काळ आपल्या घरापासून दूर आहे, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचं.

हा नियम वेसाव्यात लावून बघा. फेब्रुवारी म्हणजे मासेमारीचा हंगाम. मोठ्या बोटी आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात असतात. बोटीचा मालक किंवा तांडेल वीस दिवसांत एकदा तरी घरी येतो, म्हणून तो घरच्यांबरोबर मोजला जाणार. त्याच बोटीवरचे खलाशी बऱ्याचदा परप्रांतातून आलेले असतात. पूर्ण हंगाम गावापासून दूर, म्हणून नियमाप्रमाणे तेही इथलेच. पण त्यांचं घर कुठलं? कुणी भाड्याच्या खोलीत आठ-दहा जण मिळून, कुणी थेट बोटीवरच झोपतो. बोटीला घरक्रमांक नसतो. ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी शेवटच्या रात्री करतात. त्या रात्री बोट खोल समुद्रात असेल तर तो माणूस सहज सुटू शकतो.

आता हीच मोजणी जूनमध्ये केली असती तर? महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला, खलाशी आपापल्या गावी. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सगळे परत. गाव तेच, गल्ल्या त्याच, पण पावसाळ्यातला वेसावा आणि फेब्रुवारीतला वेसावा यांचा आकडा एक निघणार नाही. आपण मात्र दहा वर्षांतून एकदा, फेब्रुवारीचा आकडा घेतो. यावेळी तर २०११ नंतर थेट २०२७, सोळा वर्षांचं अंतर पडलंय.

‘मतदारयादी आहे, आधार आहे. मग अडचण काय?’

मतदारयादीत अठराच्या खालची मुलं नाहीत, आणि नाव गावाकडे ठेवून इथे राहणारे पुष्कळ आहेत. आधार माणसाची ओळख पटवतो. तो आज रात्री कुठे झोपतो हे सांगत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या घराचा पत्ता आजही कार्डावर असलेले आपल्या आजूबाजूला किती आहेत, मोजून बघा. 

‘बरं, आकडा कळून फरक काय पडतो?’

पुष्कळ. जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक २२७ प्रभागांत झाली आणि त्या प्रभागांची लोकसंख्या २०११ चीच धरलेली होती. तेव्हाच्या १ कोटी २४ लाख ४२ हजार मुंबईकरांना २२७ ने भागलं की एका प्रभागात सरासरी ५५ हजारांच्या आसपास माणसं येतात. मधल्या काळात जिथे टॉवर वाढले तिथल्या नगरसेवकाच्या वाट्याला प्रत्यक्षात किती माणसं आली, हे त्या भागाकारात दिसत नाही. दवाखाना, शाळेच्या तुकड्या, पाण्याची जोडणी, बसच्या फेऱ्या, हे सगळं याच आकड्यांवर आखतात.

किनाऱ्यावर आणखी एक परिणाम होतो. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे, त्याच्या उत्तरेला वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणारा सागरी मार्ग आखलेला आहे, मढला जोडणाऱ्या पुलाचीही योजना आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या कागदांत ‘बाधित किती’ हा रकाना असतो. तो घरं मोजून भरला तर एक उत्तर, होडीची वाट, जाळी टाकायची जागा आणि तिवरांत खेकडे-कालवं वेचणाऱ्या बायका धरून भरला तर दुसरं. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरं तोडण्यावर कडक बंधन घातलं. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. झाडं मोजली जातात, हे चांगलंच आहे. त्या झाडांवर पोट असलेली माणसंही तितक्याच काळजीने मोजली जावीत.

‘मग कोळीवाडा वेगळा मोजा म्हणायचं का? त्याने भिंती उभ्या राहतील’

ही शंका मी मनापासून ऐकतो. वेसाव्यात आज कोळ्यांइतकेच, किंबहुना जास्त, बाहेरून आलेले लोक राहतात: नोकरदार, मासळीच्या व्यापारातले, चित्रपटसृष्टीत काम शोधायला आलेले तरुण, यारी रोडवरच्या सोसायट्यांतली कुटुंबं. सगळे वर्सोव्याचेच. वेगळी नोंद करायची ती कुणाला बाहेर ठेवायला नाही, कामाची जागा कागदावर यावी म्हणून.

त्याची एक वाट आधीच आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था मच्छीमारांची स्वतंत्र गणना करते. २००५, २०१० आणि २०१६ मध्ये ती झाली होती. त्यात मच्छीमार गावं हाच मोजणीचा पाया असतो. कुटुंबं, होड्या, जाळी, मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायका, असं सगळं विचारलं जातं. देशाची जनगणना ‘इथे कोण राहतं’ सांगते, ही गणना ‘इथे कोण कशावर जगतं’ सांगते. सीमांकनाचा नकाशा हातात घेताना हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवले तर जाळी सुकवायची जागा ‘मोकळी’ दिसणार नाही. मत्स्यशिक्षण देणारी देशाची केंद्रीय संस्था तर वर्सोव्यातच आहे, यारी रोडजवळ. हे काम समजणारी माणसं गावाच्या हाकेवर आहेत.

फेब्रुवारीत दार वाजेल तेव्हा

प्रगणकाकडे आपल्या गटाचा नजरी नकाशा असतो आणि साधारण सहाशे ते आठशे माणसांची जबाबदारी. कोळीवाड्याच्या गल्लीत एका दारामागे तीन चुली असतात, माळ्यावर भाडेकरू असतो, मागच्या खोलीत खलाशी. प्रगणक समोरच्या दाराशी उभा राहून विचारतो, तेव्हा घरातली मावशी सवयीने ‘आम्ही सहा जण’ म्हणते. माळ्यावरचे दोघे आणि मागचे पाच तिच्या हिशेबात ‘आम्ही’ नाहीत. त्यांचं वेगळं कुटुंब म्हणून नाव लागायला हवं, आणि ते तिने दाखवल्याशिवाय लागणार नाही. बोट बाहेर असेल तर ती कधी परतणार, एवढं सांगितलं तरी प्रगणक पुन्हा येऊ शकतो. पानं मोजताना मावशीने मागच्या खोलीकडे बोट केलं, तर वेसाव्याच्या आकड्यात ते पाच जण येतील.